पाचव्या गाण्याच्या आधी

ही गोष्ट माझ्या घरात घडली. भरदिवसा. विश्वास ठेवाच असा आग्रह नाही. पण मी तिथे होते... तीन पावलांवर.

रविवार होता. दुपारचे चार वाजले होते.

मी दातांच्या कवळ्या बनवते. कामाचं टेबल पुढच्या खोलीत. त्याच्याकडे पाठ करून, खिडकीशी, अप्पांची खुर्ची. अप्पा म्हणजे माझे वडील. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात उभा जन्म गेला आणि त्या खणखणाटानं दोन्ही कान नेले. नऊ वर्षं ठार बहिरे. आमचे ओठ बघून बोलणं ओळखायचे. फक्त ‘डॉक्टर’ हा शब्द त्यांना कधीच ओळखू यायचा नाही.

कान शाबूत होते तेव्हा त्यांचा जीव एका रेकॉर्डवर होता. सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या, गाण्यांची जुनी रेकॉर्ड. गाणारी बाई मोठी. मागे पियानो, आणि तिच्या प्रत्येक ओळीला जबाब देणाऱ्या तीन बायका. तिसऱ्या गाण्यात एका जागी तिचा आवाज चक्क फाटतो. अप्पा सुई उचलून तेवढंच पुन्हा लावायचे. म्हणायचे, “दुसरी असती तर पुसून टाकलं असतं. हिनं राहू दिलं. म्हणून ती मोठी.”

कान गेल्यावर त्यांनी ती रेकॉर्ड कपाटात ठेवली. पुन्हा नाव काढलं नाही.

त्या रविवारी मी ती सहज लावली. कवळी घासत ऐकत होते. अप्पा पाठमोरे, पेपर वाचत होते.

आणि ते म्हणाले...

“थोडा आवाज वाढव गं.”

माझ्या हातातली कवळी खाली पडली.

मी मागून हाक मारली. काही नाही. कानाशी टाळी वाजवली. काही नाही. समोर जाऊन विचारलं, तर म्हणाले, पियानो नाही, त्या बायका नाहीत, फक्त तिचा आवाज येतोय.

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मीही रडले. आनंदानं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. कान मेलेलेच होते. मेंदूला गाणी पाठ आहेत, तोच वाजवतोय, असं ते म्हणाले. पटलं मला.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी पुन्हा रेकॉर्ड लावायला सांगितली.

पहिलं गाणं सुरू झालं. पियानो आला. ड्रम वाजला. बायकांनी जबाब दिला...

पण कोणाला?

तिचा आवाज नव्हता.

एवढ्या गाण्यात तेवढीच जागा रिकामी. आणि अप्पा डोळे मिटून मान डोलावत होते.

दुसऱ्या गाण्यात ती परत आली. मी म्हटलं, सुई बिघडली असेल. बदलली.

पुढच्या दिवशी दुसरं गाणंही रिकामं झालं.

मग तिसरं. ती आवाज फाटण्याची जागासुद्धा गेली. दादाला, म्हणजे माझ्या भावाला, बोलावलं. त्यानं शेजाऱ्यांच्या प्लेअरवरही लावून पाहिलं. तेच. आला तेव्हा थट्टा करणाऱ्या दादानं रेकॉर्ड माझ्या हातात दिली आणि चपला घालून निघाला.

चौथं रिकामं झालं त्या दिवशी अप्पा म्हणाले, “आता ती जवळून गाते. आधी लांब होती.”

मी विचारलं, किती जवळून?

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं.

रेकॉर्डच्या त्या बाजूला पाचच गाणी होती. मी रेकॉर्ड लपवली.

अप्पा भांडले नाहीत. फक्त जेवण सोडलं. तीन दिवस भिंतीकडे तोंड करून बसले. ओठ बघायचेच नाहीत, मग मी बोलणार कशी? चौथ्या दिवशी आपणहून म्हणाले, “पोरी, नऊ वर्षं मी तुमची तोंडं हलताना बघतोय. एक आवाज मिळालाय. तोही काढून घेतेस?”

लपवलेली रेकॉर्ड बाहेर काढली.

रेकॉर्ड लावली. माझ्याच हातानं.

चार गाणी रिकामी गेली. पाचवं सुरू झालं. पियानो... बायका... आणि मध्ये ती पोकळी.

अप्पांची मान हळूहळू वळू लागली. दारापासून... कपाटापर्यंत... मग त्यांच्याच खुर्चीपर्यंत. कोणी खोलीतून चालत येताना आपण बघतो ना, तशी.

खोलीत आम्ही दोघंच होतो.

“हो,” अप्पा म्हणाले. “येतो.”

मी ओरडले. “अप्पा!” घसा फुटेस्तोवर ओरडले. समोरच्या बिल्डिंगमधले लोक खिडकीत आले. पण अप्पांचं तोंड दुसरीकडे होतं. माझे ओठ त्यांना दिसत नव्हते. मी धावत जाऊन त्यांचा चेहरा माझ्याकडे वळवला.

डोळे उघडे होते. चेहऱ्यावर समाधान होतं.

सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. वय झालंच होतं, लोक म्हणाले. दादा म्हणतो, ती रेकॉर्ड मोडून टाक. एकदा हातात घेतली, वाकवलीही. मोडवली नाही. अप्पांची होती ती.

आता सात महिने झाले. मी ती पुन्हा लावलेली नाही.

गाणी रिकामी निघाली तर भीती वाटेल.

भरलेली निघाली, ती पुन्हा तिच्या जागी आली असेल... तर त्याहून जास्त.