पलीकडच्या काठावरची बाई

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर शेवट तरी बरा केला असता.

घडलं ते माझ्या रजनीमावशीच्या बाबतीत. म्हैसूरला, हिनकलच्या पुढे, कालव्याच्या पाण्यावर भरणारं एक लहानसं तळं आहे. गेल्या मार्चमधली गोष्ट. वेळ भर दुपारची.

मावशी मूळची साताऱ्याची. काका गेल्यावर निशांतने, तिच्या मुलाने, तिला म्हैसूरला आणलं. तो आणि सून आठच्या ठोक्याला ऑफिसला जायचे. मग घरात आवाज काय तो कुकरचा. कन्नड येत नाही, टीव्हीचा वीट आलेला. म्हणून ती तळ्यावर जाऊन बसायची.

पलीकडच्या काठावर एक बाई धुणं धुवायची.

हात खाली यायचा... आणि क्षणभराने आवाज.

थप्प.

एकदा मावशीने हात हलवला. बाईनेही हलवला. मावशी हरखूनच गेली. सहा महिन्यांत तिला ओळख दाखवणारं हे पहिलंच माणूस.

मग एके दिवशी... आवाज आधी आला.

थप्प.

हात नंतर खाली आला.

वयाने कान गंडले असतील, असं मावशीने स्वतःला समजावलं.

त्याच आठवड्यात दुरुस्तीसाठी कालवा बंद झाला. तळ्यात नुसता चिखल उरला. बाई दिसेना. मावशीला चैन पडेना. शेवटी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन ती बांधावरून निघाली. वाटेत फुलं विकणारी भाग्या भेटली. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतात.

"अक्का, कुठं निघालाव?"

"पलीकडे. ती धुणं धुते ना, तिला भेटायला."

"अय्यो! तिकडं कोण धुतंय? पायरी नाही, दगड नाही. नुस्ती काटी हाईत की."

तरी मावशी गेली.

खरंच काट्यांशिवाय तिथे काही नव्हतं. तिने वळून आपल्या काठाकडे पाहिलं.

तिच्या रोजच्या जागेवर... कुणीतरी बसलं होतं.

त्याने हात हलवला.

सवयीने मावशीचाही हात वर गेला.

आणि अगदी तिच्या पाठीशी...

थप्प.

डबा टाकून ती घरी कशी पोचली, तिला सांगता येत नाही. दोन दिवस तापाने फणफणली होती. निशांत पुरता हादरला. रजा काढून साताऱ्याला सोडतो म्हणाला. मावशीने साफ नकार दिला.

मी फोनवर तिला झापलंच. "तुला भीती नाही का वाटत?"

"वाटते रे. खूप वाटते." मग म्हणाली, "पण तिकडे साताऱ्याला माझी वाट बघणारं कोण आहे?"

मग इकडे कोण वाट बघतंय, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.