सहावा पाय

चाळीस वर्षे पाच पाय असलेल्या भुंगेऱ्याला त्या सकाळी सहा पाय होते.

उजवा मधला पाय नसल्याचे त्याच्या मूळ वर्णनातच छापलेले होते. वर्णन संग्रहालयाच्या कीटक विभागाच्या प्रमुखांचे होते. त्यांनी या जातीला आपल्या पत्नीचे नाव दिले आणि तेवढ्या एका जातीसाठी नवी प्रजाती, म्हणजे जातींच्या वरचा गटच, उभी केली. पत्नी पुढे वारली. नाव राहिले. हा भुंगेरा त्या नावाचा प्रारूप होता. ते नाव नेमके कोणत्या प्राण्याचे, असा वाद निघाला तर निकाल याच टाचणीवर लागणार होता.

वाद निघाला होता. आठ वर्षांपूर्वी विभागात आलेल्या एका संशोधिकेने सगळ्या जवळच्या प्रजाती पुन्हा तपासायला घेतल्या होत्या. तिच्या मते प्रमुखांची जाती ही एका जुन्या, सर्वत्र आढळणाऱ्या जातीचाच झिजलेला नर होता. ते ठरले की प्रजाती बुडणार होती आणि पत्नीचे नावही जुन्या नावाखाली गाडले जाणार होते. प्रमुख तिला कात्री म्हणत. आता सगळेच म्हणत.

निकालासाठी प्रारूपाचा एक पाय कापून डीएनए काढायचे ठरले. तंत्रज्ञाने चिमटा टेकवला आणि सहज डोकावलेल्या कात्रीने सहा पाय पाहून त्याचा हात धरला.

भुंगेरेवाल्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून खालच्या मजल्यावरच्या गोगलगायवाल्या बाईंना बोलावण्यात आले. त्यांची हयात शंखांत गेली होती आणि भुंगेऱ्यांशी त्यांचे घेणेदेणे नव्हते. त्यांची पात्रता एवढीच.

"हिने नमुना बदलला आहे," प्रमुख म्हणाले. बाई अजून उभ्याच होत्या. "दुपारी विश्वस्तांची बैठक आहे. तुम्ही तसं लिहून द्या. हिचा संग्रहातला प्रवेश बंद होईल."

"आणि माझं आठ वर्षांचं काम केराच्या टोपलीत," कात्री म्हणाली. "प्रारूपं न पाहता हे काम होत नाही. ह्यांना ते माहीत आहे. हवंच आहे."

"मला नमुना परत हवाय."

"तुम्हाला नाव हवंय."

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "कपाटाची चावी कोणाकडे?"

"माझ्याकडे," प्रमुख म्हणाले.

"मग हिने बदलला कसा?"

"आठवडाभर पेटी चित्रांसाठी बाहेर होती. हिच्या पुस्तकासाठी. मी दिली, अक्कल गहाण ठेवून."

"तुम्ही दिली नाहीत. विश्वस्तांनी द्यायला लावली," कात्री म्हणाली.

"चित्रांच्या खोलीत कोण जातं?"

"मी, ही, आणि चित्रकार," प्रमुख म्हणाले. चित्रकार ही त्यांची मुलगी होती, पण ते तसे म्हणाले नाहीत.

बाईंनी पेटी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. शेजारी चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो ठेवला. डाव्या पंखकवचावरची खळी जुळली. टाचणी जराशी तिरकी गेलेली होती, तीही जुळली. टाचणीभोवती जमलेल्या हिरव्या गंजाची कडा तुटलेली नव्हती. म्हणजे भुंगेरा टाचणीवरून कधी निघालाच नव्हता.

"भुंगेरा तोच आहे. पाय नवा आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे चिकटवला. हिनेच."

"मी? मीच चिकटवायचा आणि मीच बोंब मारायची?"

"तेवढी धूर्त आहेस तू."

बाईंनी मान वर केली नाही. "मधल्या पायाच्या नडगीवर ही केसांची फणी असते ना? डाव्या पायाची पुढे तोंड करून आहे. या नव्या पायाची मागे. काही खास?"

"चिकटवताना फिरला असेल," प्रमुख म्हणाले.

"फिरला असता तर नडगीची वरची बाजू खाली गेली असती. ती वरच आहे." त्यांनी दिवा बंद केला. "बरं."

तंत्रज्ञ दाराबाहेर हातमोजे घालून उभा होता आणि चिडलेला होता.

"माझ्यावर घालू नका. मला पाय दिसला, मी कापणार होतो."

"नेहमी कोणता कापता?"

"उजवा मधला. इथं येणाऱ्या प्रत्येक किड्याचा. डावी बाजू मोजमापासाठी शाबूत राहिली पाहिजे, असा नियम आहे."

"उजवा मधला नसेल तर?"

"तर डावा. पण होता ना."

"मूळ वर्णन वाचलं नव्हतंत?"

"बाई, मी पाय कापतो. वाचत नाही. हे दोघे भांडायचं सोडून मला सांगतील तर कळेल."

"ही आत आली नसती, तुम्ही तो पाय कापला असता, तर पेटीत परत काय गेलं असतं?"

"भुंगेरा."

"किती पायांचा?"

त्याने हातमोज्याच्या बोटांवर मोजले.

"पाच," तो म्हणाला. "उजवा मधला नसलेला."

"आणि कापलेला पाय?"

"पाय दळला जातो. त्याची पूड होते. उरतो फक्त निकाल."

चित्रांच्या खोलीत एकच खिडकी होती आणि तिला पडदा लावलेला होता. उजेड टेबलाच्या काचेतून खालून येत होता. चित्रकार चाळिशीकडे झुकलेली, वडिलांसारख्याच जाड भिवयांची. तिने अर्धा भुंगेरा काढून संपवला होता. कागद उलटा करून काचेवर ठेवला आणि दुसरा अर्धा त्यावरूनच गिरवायला घेतला.

"एकाच बाजूचं काढता?" बाईंनी विचारले.

"किड्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. अर्धं काढायचं, उलटवायचं. अर्धा वेळ वाचतो."

"माझ्या गोगलगायींना हे चालत नाही. शंखाचा वेढा उजवीकडचा डावीकडे गेला की तो प्राणी दुसराच होतो."

"म्हणून मी गोगलगायी काढत नाही."

"प्रमुखांनी पेटी इथं पाहिली होती?"

"सर रोज येऊन उभे राहायचे. किड्याकडे बघायचे. माझ्याकडे नाही."

"वडिलांना सर म्हणता?"

"कामावर. घरी बोलतच नाही."

बाईंची नजर टेबलाच्या कडेच्या लहान पेटीवर गेली. तिच्यात काळसर निळे, जरा लांबट भुंगेरे रांगेत टोचलेले होते.

"हे कोणते?"

"नवी जाती. कात्रीच्या पुस्तकातली एकुलती एक. बाकी पुस्तकभर ती नावं पुसतेच आहे. जगात एवढेच नमुने आहेत. ते तिच्या कपाटात असतात आणि किल्ली तिच्या गळ्यात. चित्रापुरते माझ्याकडे येतात. सरांना दाखवायला सक्त मनाई आहे."

"सरांनी पाहिले नाहीत?"

"ते आले की पेटी खणात जाते. पाहिले असते तर आधी स्वतःच नाव देऊन मोकळे झाले असते."

"तंत्रज्ञांनी?"

"त्याच्याकडे ती कापलेले पाय नळीत घालून पाठवते. सरांच्या मजल्यावर किडे पाठवायला ती वेडी नाही."

बाईंनी पेटी भिंगाखाली घेतली. प्रत्येक भुंगेऱ्याचा उजवा मधला पाय कापलेला होता. एका टाचणीवर त्या बराच वेळ थांबल्या. मग झाकण लावले.

"तुमच्या आईंचं नाव जाणार, असं दिसतं."

"शास्त्रात भावनेला जागा नसते. सरांचं वाक्य आहे. मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय."

"म्हणजे तुम्ही कात्रीच्या बाजूच्या?"

"मी कागदाच्या बाजूची. आता उजेडातून बाजूला व्हाल का?"

बैठकीपूर्वी बाईंनी सगळ्यांना प्रमुखांच्या खोलीत जमवले. त्यांनी पाण्यात बुडवलेला बारीक कुंचला नव्या पायाच्या मुळाशी धरला. डिंक विरघळला आणि पाय कागदावर पडला.

"हा पाय उजवा नाही," बाई म्हणाल्या. "डावा आहे. वरची बाजू वर ठेवून डावा पाय उजवीकडे लावला की फणी मागे जाते. दुसरा मार्ग नाही."

"कुणीतरी घाईत चूक केली," प्रमुख म्हणाले.

"घाईत असलेला माणूससुद्धा उजव्या जागेसाठी उजवा पाय उचलतो. याने डावा उचलला, कारण उजवा नव्हता. ज्या भुंगेऱ्यावरून पाय काढला, त्याचा उजवा मधला पाय आधीच गेलेला होता. आणि या इमारतीत उजवा मधला पाय कोणाचा जातो?"

"डीएनएसाठी आलेल्यांचा," तंत्रज्ञ म्हणाला.

"साहेब, तुमच्याकडे संग्रहाच्या कपाटांच्या चाव्या आहेत. तुम्हाला फसवायचंच असतं तर हजारो धडधाकट भुंगेरे होते. उजव्या पायांचा तुम्हाला दुष्काळ नव्हता."

प्रमुखांनी मान हलवली. निर्दोष ठरल्याचेही त्यांना फारसे आवडलेले दिसले नाही.

बाईंनी लहान पेटी उघडली. कात्री ताडकन उठली.

"ही इथं कशी? ह्यांच्यासमोर?"

"बसा. यातल्या एका भुंगेऱ्याचे दोन्ही मधले पाय नाहीत. उजवा कापलेला आहे, काप सरळ आहे. डावा उपटलेला आहे. हा पाय त्या जागेत बसतो."

कात्रीने भिंगातून पाहिले. "माझ्या नव्या जातीचा पाय."

"तो दळला गेला असता, तर निकाल काय आला असता?"

"प्रारूप आणि माझी नवी जाती एकच," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे माझ्या जातीला आधीच नाव आहे, असं ठरलं असतं. जुनं नाव टिकतं. ह्यांच्या बायकोचं."

"तुमची जाती गेली असती, ते नाव राहिलं असतं. प्रारूप पुन्हा पाच पायांचा होऊन कपाटात गेला असता आणि कुणाला कळलंही नसतं. नुकसान तुमचं होतं, आणि तंत्रज्ञाचा हात तुम्हीच धरलात. म्हणून तुम्ही नाही. साहेबांनी ही पेटी आज पहिल्यांदा पाहिली. तंत्रज्ञांकडे हे भुंगेरे कधी आलेच नाहीत. आठवडाभर दोन्ही पेट्या एकाच टेबलावर होत्या. उरतं ते टेबल."

सगळे चित्रकाराकडे वळले. ती हाताला लागलेली शाई खरवडत होती.

"डावा आहे हे मला दिसत होतं," ती म्हणाली. "दोन्ही बाजू सारख्याच, असं वीस वर्षं काढत आले. आणि पूडच तर व्हायची होती."

"तुला मी माझी म्हणत होते," कात्री म्हणाली. "कुणाला न दाखवलेले किडे तुझ्या हातात दिले."

"तुझं शास्त्र बरोबर आहे. बाबांची जाती खोटी आहे, हे तुझी मापं काढतानाच मला कळलं. म्हणून तर तुझ्याच किड्याचा पाय घेतला. तुझा किडा खरा आहे. त्याला आईचं नाव मिळालं असतं तर ते परत कुणाला पुसता आलं नसतं."

"माझं नाव पुसून."

"तू अजून देशील. तिला एकच मिळालं होतं." तिने पहिल्यांदाच वडिलांकडे पाहिले. "तो किडा आईने पकडला होता. स्वयंपाकघरात, दिव्याखाली. ह्यांनी त्याच्याबद्दल तिला धड दोन शब्द सांगितले नाहीत. नाव देऊन टाकलं, फिट्टंफाट."

प्रमुखांनी कागदावरचा पाय चिमट्याने उलटवला.

"डावा पाय उजवीकडे," ते म्हणाले. "पहिल्या वर्षाचं पोरही करणार नाही. माझी मुलगी म्हणवतेस."

"मी कुठे म्हणवते? आणि तुम्ही काय दिवे लावले? झिजलेला, पाय तुटलेला किडा. आईच्या नावासाठी धड एक मिळाला नाही?"

प्रमुखांनी प्रारूपाची पेटी उचलली, आणि क्षणभर वाटले की ते ती कपाटात बंद करतील. त्यांनी ती तंत्रज्ञापुढे सरकवली.

"डावा मधला," ते म्हणाले. "कापा."

"सर, बैठकीनंतर..."

"कापा म्हटलं ना. हिला निकाल हवाय, मिळू दे. हिच्या मेहेरबानीवर मला नाव नको, आणि त्या मुलीच्या तर नकोच."

कात्रीने त्यांचे आभार मानले नाहीत. चित्रकाराकडेही पाहिले नाही. आपली लहान पेटी छातीशी धरून ती तंत्रज्ञामागोमाग बाहेर पडली.

बैठकीत बाईंनी उभ्यानेच सांगितले. प्रारूप बदललेला नाही. त्याला चिकटवलेला पाय दुसऱ्या, अजून नाव नसलेल्या जातीचा आहे. तो विभागाच्या चित्रकाराने, आईच्या नावाची जाती टिकावी म्हणून, चित्रांच्या टेबलावर चिकटवला. पुनर्तपासणी करणाऱ्या संशोधिकेचा यात हात नाही. तिचा प्रवेश बंद करण्यास कोणतेही कारण नाही.