दोनच पीळ

यादी शनिवारी दुपारी छापखान्यात जाणार होती. तिच्यातला एक शब्द खोडून घ्यायचा म्हणून थिओडोरा पिनॉक बुधवारी पहाटे जॉन क्रो डोंगराकडे निघाली.

शब्द होता 'नामशेष'.

डोरा त्रेसष्ट वर्षांची. पंचावन्नाव्या वर्षी चर्चच्या मागच्या खोलीत बसून ती अक्षरे शिकली होती, आणि तेव्हापासून दिसेल ते वाचायची सवय तिला लागली होती. त्या महिन्यात शाळेच्या भिंतीवर एक कागद लागला. बेटावरच्या सस्तन प्राण्यांची यादी, आणि खाली 'चूक आढळल्यास कळवावे'. ओळीखाली बोट धरून डोरा वाचत गेली. वटवाघळांच्या एकवीस जाती, त्यांतल्या काही संकटात. समुद्रातली मॅनटी, म्हणजे समुद्रगाय, अगदी थोडी उरलेली. आणि सगळ्यांत खाली कोनी. माणूस या बेटावर यायच्या आधीपासून इथल्या जमिनीवर वावरणारा, अजून टिकलेला हा एकच सस्तन प्राणी. मांजराएवढा, तपकिरी, शेपटी नावापुरती. त्याच्यापुढे लिहिले होते : 'इतर डोंगरांत संकटग्रस्त. जॉन क्रो डोंगरात नामशेष.'

"होणारच की नामशेष!" मागून कुणीतरी हसले. "शेवटचा पिनॉकच्या हंडीत शिजला ना!"

ही थट्टा गावात चाळीस वर्षे चालू होती. डोराचा बाप जेबेझ पिनॉक म्हणजे खोऱ्यातला नामांकित शिकारी. त्याने एकदा एक कोनी धरून आणला, आणि त्यानंतर या डोंगरात कुणालाच कोनी दिसला नाही. बापाने मरेपर्यंत हे ऐकून घेतले. शेवटच्या आजारात मात्र डोराचा हात धरून तो म्हणाला होता, "शेवटचा नव्हता गं तो. तीन खळग्यांच्या पलीकडे मी दुसऱ्याची चाहूल ऐकली होती."

कागद वाचला त्या रात्री डोराने आढ्यात खोचलेली बापाची काठी खाली काढली.

राजधानी किंग्स्टनहून यादी करायला आलेले वॅसल साहेब पन्नाशीचे, गोल पोटाचे आणि हट्टी होते. "मिस डोरा, ऐकीव गोष्टीवर मी एक अक्षर बदलणार नाही," ते म्हणाले. "जिवंत जनावर दाखवा. मोजमाप, फोटो. मग बदलतो."

"मग चला की. पाय आहेत ना तुम्हाला?"

तिसरा होता डोराचा भाचा ग्लॅडस्टन, भावाचा मुलगा, धंद्याने सुतार. त्याच्या गळ्यात गाईचे शिंग लटकत असे. इंग्रजांच्या मळ्यांतल्या गुलामगिरीतून पळून या डोंगरांत लढत राहिलेल्या 'मरून' म्हणवणाऱ्या लोकांचे, त्याच्या आणि डोराच्या पूर्वजांचे, ते शिंग. याच शिंगाच्या आवाजावर त्यांनी पलटणी फिरवल्या, चकवल्या, बुडवल्या होत्या. शिंगात प्रत्येक माणसाचे वेगळे नाव वाजते. दोन डोंगर पलीकडचा माणूसही आपले नाव ओळखून उत्तर देतो.

आणि चौथा लॉयर, डोराचा लाल कुत्रा. वकील हे नाव त्याला अशासाठी, की पुरावा हाती लागल्याशिवाय तो तोंड उघडत नसे. डोराने त्याच्या तोंडाला वेलीची विणलेली जाळी बांधली होती. भुंकायला मोकळीक, चावायला बंदी!

रिओ ग्रांदे नदी ओलांडेपर्यंत सगळे सोपे होते. चढ लागला, झाडांएवढ्या उंच नेच्यांची छत्री डोक्यावर मिटली आणि खरा डोंगर सुरू झाला. पायाखाली माती नव्हतीच. पावसाने खाऊन खाऊन मधाच्या पोळ्यासारखा पोखरलेला चुनखडक, आणि त्याच्या कडा सुरीसारख्या. त्यावर शेवाळ, शेवाळावर मुळांचे जाळे, आणि जाळ्याखाली काय आहे ते देवाला ठाऊक. दुपारपर्यंत वॅसल साहेबांच्या नव्या बुटाचा तळ सुटला.

"किंग्स्टनचा बूट," ग्लॅडस्टनने तो काथ्याने बांधून दिला. "रस्ता सोडला की रडायला लागतो."

"त्या झाडाला हात लावू नका!" डोरा ओरडली. वॅसल यांनी आधारासाठी एक काटेरी पानांची फांदी धरली होती. तिचा चीक लागला की कातडी काळी पडते, आग होते. उशीर झालाच होता. त्यांचा उजवा पंजा संध्याकाळपर्यंत सुजून पावासारखा झाला.

पाणी संपले ते गुरुवारी सकाळी. चुनखडकावर ओढा नसतो, पडलेले सगळे पाणी खडक पिऊन टाकतो. वॅसल यांची जीभ टाळूला चिकटली.

"परत फिरायचं का?" त्यांनी विचारले.

डोराने एका झाडाच्या खोडावर वाढलेले रानअननसाचे रोपटे वाकवले. पानांच्या कुशीत साठलेले गार पाणी पेल्यात ओतले, त्यातला बेडूक अलगद परत पानात ठेवला आणि पेला पुढे केला. "प्या. आमची माणसं ऐंशी वर्षं हेच पिऊन लढली."

वॅसल यांनी डोळे मिटून पेला रिकामा केला. मग दुसरा मागितला.

थोड्या वेळाने झुडपातून एक करडे जनावर सळसळत गेले. वॅसल यांनी झटकन कॅमेरा उचलला. लॉयर मात्र नाक फिरवून उभा राहिला.

"मुंगूस आहे ते," डोरा म्हणाली. "उंदीर मारायला म्हणून ऊसमळेवाल्यांनी हिंदुस्थानातून आणलं. उंदीर राहिले तसेच. यानं आमचे पक्षी खाल्ले, साप खाल्ले, कोनीची पिल्लं खाल्ली. आणि नाव झालं पिनॉकचं!"

खडक खचून झालेला पहिला खळगा त्यांनी वळसा घालून पार केला. दुसराही. तिसरा मागे पडला आणि धुके उतरले. बघता बघता हातभरावरचा माणूस दिसेना. ग्लॅडस्टन वाट शोधायला पुढे गेला होता. त्याच्या शिंगातून डोराचे नाव वाजले, लांब-आखूड-लांब. डोराने तळहातांची पुंगळी करून उत्तर दिले.

"मला हाक मारायची तर?" वॅसल यांनी घाबरून विचारले.

"तुम्हाला शिंगात नाव नाही, साहेब," धुक्यातून ग्लॅडस्टनचा हसरा आवाज आला. "थांबा, आज ठेवतो!" आणि शिंगातून एक जाडा, संथ, घोरल्यासारखा सूर निघाला. डोरा पोट धरून हसली. वॅसलसुद्धा हसले, पण तो सूर त्यांनी लक्षात ठेवला.

धुके विरले तेव्हा लॉयर एका जागी ताठ उभा होता. शेपूट सरळ. एक पंजा वर. समोर नेच्यांनी झाकलेली जमीन. त्याने एकदाच भुंकून दावा मांडला.

"जागचे हलू नका!" डोरा म्हणाली.

पण वॅसल यांना राहवले नाही. कॅमेरा काढत त्यांनी एक पाऊल टाकले. कड्ड! मुळांचे जाळे फाटले. नेचे, पाने, माती आणि वॅसल साहेब एकदम दिसेनासे झाले!

मग खालून एक धप्प आवाज आला. मग काहीच नाही.

"साहेब!"

"पाय..." खोलातून कण्हणे ऐकू आले. "पाय गेला माझा. कॅमेरापण फुटला."

खळग्याचा तळ दिसत नव्हता. दहा हात खाली एक कपार, आणि कपारीखाली काळे भोक. वॅसल कपारीवर अडकले होते म्हणून वाचले. ग्लॅडस्टनने दोर झाडाला बांधला. त्याच क्षणी वर गडगडले.

डोराने मान वर केली. तीन आठवडे रुसलेला पाऊस नेमका आता येत होता. आणि पाऊस आला की डोंगरभरचे पाणी अशाच खळग्यांत धावते.

"आत्या, मी उतरतो!"

"तू वरून ओढणार. माझ्यानं तो देह ओढवेल का? मी उतरते." तिने बापाची काठी पाठीला बांधली आणि दोर धरला.

"काठी कशाला?"

"लॉयर उगाच भुंकत नाही."

खडकाने तिचे तळवे सोलले, गुडघे फोडले. ती कपारीवर पोचली. वॅसल यांचा घोटा सुजला होता. हाड मात्र शाबूत दिसत होते. तिने त्यांच्या काखेतून दोर घेतला, गाठ मारली. पहिले थेंब पडू लागले.

आणि तेव्हा तिला कपारीवर ते दिसले. चिंचोक्यासारख्या काळ्या, वाकड्या लेंड्या. ओल्या. ताज्या! कपारीच्या मागच्या अंगाला एक बीळ वर वर चढत गेले होते.

"साहेब," तिने बोट दाखवले. "हे बघा."

वॅसल दुखणे विसरले. "जनावर दाखवा! मिस डोरा, जनावर!"

डोराने विजेरी दातांत धरली आणि काठी सोडवली. लान्सवूडच्या चिवट लाकडाची, टोकाला चीर पाडलेली. बापाने शिकवलेले तिला तोंडपाठ होते. काठी बिळात सरकवायची. मऊ लागले की पिळायची. केस चिरेत गुंततात, कातडी काठीवर चढते. चार पीळ आणि ओढ. जनावर हातात.

काठी आत गेली. खडक. खडक. माती. आणि मऊ!

चाळीस वर्षे! एक पीळ. काठीला जीव आल्यासारखी ती थरथरली. दुसरा पीळ. आत फुसफुसणे. पाऊस आता कोसळत होता, कपारीवरून लाल पाणी वाहत होते.

"आत्या! पाणी येतंय!" वरून ग्लॅडस्टन ओरडला.

"ओढा!" वॅसल ओरडले. "ओढा की!"

तिसऱ्या पिळासाठी डोराचे मनगट वळले आणि थांबले. फुसफुसण्याच्या मागे दुसरा आवाज होता. बारीक. चिमणीच्या चिवचिवीसारखा. तिने दातांत धरलेली विजेरी बिळाकडे फिरवली.

दोन डोळे चमकले. त्यांच्या खाली, पोटाला चिकटून, आणखी दोन. अगदी छोटे.

आई हलत नव्हती. कातडी पिळली जात असतानाही ती पिल्लावरून बाजूला होत नव्हती. ओढले असते तर पाठीची कातडी सोलून निघाली असती, आणि पिल्लू दोन दिवसांत मेले असते. मग भिंतीवरचा तो शब्द खरा झाला असता. पिनॉकच्याच हाताने, दुसऱ्यांदा!

डोराने काठी उलटी फिरवली. एक पीळ सुटला. दुसरा सुटला. तिने हळूच काठी बाहेर काढली. चिरेत तपकिरी केसांचा झुपका अडकला होता.

"काय केलंत हे!" वॅसल यांचे डोळे पांढरे झाले. "नुसत्या केसांवर यादी बदलत नाही, बाई!"

"मग तुमचे डोळे कशाला दिलेत देवानं?" डोराने त्यांची मान धरली आणि डोके सरळ बिळाला लावले. "बघा! नीट बघा आणि मोजा!"

पाणी त्यांच्या घोट्यांवर चढले. वॅसल पाहत राहिले. एक श्वास. दोन. तीन. किंग्स्टनचा तो हट्टी माणूस बिळाला तोंड लावून कुजबुजला, "दोन."

"ओढ रे!" डोराने वर हाक दिली.

ग्लॅडस्टनने खांद्याला दोर गुंडाळला आणि मागे पडत ओढले. लॉयरने दोराचे टोक जाळीवरून धरायचा प्रयत्न केला, जमले नाही, तरी हटेना. वॅसल वर गेले. दोर परत खाली आला तेव्हा भोक पाचोळ्याने तुंबून पाणी डोराच्या कमरेला लागले होते. काठी? ती तिने बिळाखाली कपारीतच सोडली. केसांचा झुपका तेवढा तिने पदक लावावे तसा डोक्याच्या फडक्यात खोचला होता. ती वर आली आणि तिच्या मागोमाग तुंबलेला पाचोळा सुटून लाल पाणी गडगडत भोकात उतरले.

"बुडेल ना ती?" वॅसल दात वाजवत म्हणाले.

"तिचं घर वर चढत गेलंय, पाहिलंत ना? तिच्या आजीपणजीनं असे पाऊस पाहिलेत. आपणच येडे, भोकाखाली उभे राहिलो."

उतरायला दीड दिवस लागला. अवघड जागी ग्लॅडस्टनने वॅसल यांना पाठीवर घेतले आणि दर शंभर पावलांवर किंग्स्टनच्या जेवणाला शिव्या दिल्या. शनिवारी सकाळी खाली गावाची छपरे दिसली. ग्लॅडस्टनने शिंग पुसले.

"काय वाजवू, आत्या? कोनी आणला की जुनी माणसं 'हंडी चढवा' वाजवायची."

"हंडी नको," डोरा म्हणाली. "माझ्या बापाचं नाव वाजव."

ग्लॅडस्टनने तिच्याकडे पाहिले. मेलेल्याचे नाव शिंगात वाजवायचे ते त्याच्याबद्दल काही मोठी बातमी असेल तेव्हाच. त्याने छाती भरून घेतली. जेबेझ पिनॉकचे नाव तीस वर्षांनी खोऱ्यावरून गेले, समोरच्या डोंगरावर आपटले आणि परत आले. खाली माणसे घरांतून बाहेर पडू लागली. म्हातारे टोप्या काढून उभे राहिले. मग ग्लॅडस्टनने तो जाडा, घोरल्यासारखा सूर वाजवला, आणि वॅसल साहेबांनी त्याच्या पाठीवरून, दोन्ही हात तोंडाशी नेऊन, मोठ्याने उत्तर दिले!

शाळेच्या भिंतीपुढे गाव जमले. वॅसल एका पायावर उभे होते. केसांचा झुपका त्यांनी पाकिटात घातला, तारीख लिहिली, डोराचे नाव लिहिले.

"एक सांगून ठेवतो," ते म्हणाले. "आता यादीत 'संकटग्रस्त' असं येईल. सुरक्षित नाही लिहिता यायचं."

"संकटात तर संकटात," डोरा म्हणाली. "आम्हीही कुणाच्या तरी कागदावर कितीदा संपलो होतो. संपलो का?"

तीच थट्टा करणारा माणूस मागे उभा होता. त्यानेच पुढे होऊन स्टूल सरकवले.

वॅसल यांनी पेन पुढे केले. "खोडा तुम्हीच."

डोरा स्टुलावर चढली. 'नामशेष'वर तिने एक सरळ रेघ ओढली, सुताराच्या रेघेसारखी. मग जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जोडत, तिने शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिले :

'आहे. पिल्लू पण आहे. जेबेझ पिनॉकने सांगितले होते.'