दारू फुटली

"पाटीलबाई, लवकर चाला! लीलाबाईच्या घरी बॉम्ब फुटला!"

वैष्णवी गावंडे कणकेचे हात तसेच घेऊन धावली. तिला गावची पोलीस पाटील होऊन वर्षही झालं नव्हतं. कोंबडीची चोरी आणि नळावरची भांडणं यापलीकडे तिची मजल गेली नव्हती.

ती पोचली तोवर लीलाबाईची सून अंजू गावात नव्हती. डोळ्यात काच गेली म्हणून नवरा अक्षय तिला गाडीत घालून यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन निघाला होता. गाडीत चढताना ती एकच गोष्ट पुटपुटत होती आणि ती अर्ध्या गावानं ऐकली होती.

"दारू... दारू फुटली..."

गावाला तेवढं पुरलं. शेजारचा गोविंदा रानडुकरांसाठी दारूचे गोळे बनवतो, हे कुणाला ठाऊक नव्हतं? कालच शेताच्या धुऱ्यावरून त्याचं आणि अक्षयचं वाजलं होतं. लोकांनी त्याला उचलून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसवलं आणि कुणीतरी घाटंजीच्या ठाण्यात फोनही लावला. जीप निघाली होती. ती आली की गोविंदा तिच्यात बसणार, आणि एकदा बसला की सहजासहजी उतरणार नाही, हे वैष्णवी ओळखून होती.

"गोविंदाभाऊ, गोळा तुमी फेकला?"

"लेकराची आन, नाई."

"घरी गोळे हायेत?"

गोविंदानं मान खाली घातली. "दोन हायेत. वावरातल्या कोठ्यात."

"मंग लोकाईनं तुमचं नाव काहून घेऊ नाई?"

"घेऊ द्या. पन माहा गोळा फुटला असता तं भिंत काळी झाली असती. तुमी पाह्यली का भिंत?"

तिनं पाहिली नव्हती. खजील होऊन ती लीलाबाईच्या घराकडे वळली.

लीलाबाई ओसरीवर डोळ्यांना पदर लावून बसली होती. आतल्या खोलीत शेजारच्या बाया जमल्या होत्या. वैष्णवी सरळ सैपाकाच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच थबकली.

खोली नुकतीच सारवलेली होती. जमीन ओली होती, भिंतीही हात पुरेल तिथवर शेणामातीनं लिंपलेल्या.

घरातून माणूस कायमचं गेलं की मागे घर सारवतात. जित्या सुनेला दवाखान्यात धाडून कुणी सारवतं का?

"काकू, सारवलं काहून?" तिनं मागोमाग आलेल्या लीलाबाईला विचारलं.

"रगत सांडलं होतं, माय. पाह्यल्या जाये ना."

"अन् काचा?"

"उकिरड्यावर टाकल्या."

"गोळा कुठून आला?"

"त्या खिडकीतून. गोविंदाच्या आंगनाकडून."

वैष्णवी खिडकीशी गेली. डासांची हिरवी जाळी चार-पाच ठिकाणी फाटली होती. तिनं बोट फिरवलं. तुटलेले धागे सगळे बाहेरच्या बाजूला वळलेले होते. भिंत कुठंच काळी नव्हती. मात्र कोपऱ्यातून मुंग्यांची रांग वर चालली होती, लिंपणाच्याही वर, थेट छताच्या टिनापर्यंत.

ती पाटावर पाट ठेवून चढली. टिनाला आतून जांभळे शिंतोडे होते. बोट लावलं तर चिकट, आणि नाकाशी नेलं तर आंबूस-गोड.

हा वास ओळखीचा होता. परवाच ती याच घरी चहाला आली होती, तेव्हाही आला होता. "काय आंबलं वं काकू? पोलीस पाटलाच्या नाकापासून काही लपत नाई बरं!" असं ती हसत हसत म्हणाली होती. अंजूही हसली होती. लीलाबाई मात्र चहा गाळायला उठून गेली होती.

वैष्णवी घाईघाईनं पाटावरून उतरली.

"काकू, अंजू नाल्यावरची जांभळं टोपलं टोपलं आनत होती. कायसाठी?"

"शरबत कराले."

"शरबताले मुंग्या लागतात, काकू. शरबत टिनापर्यंत उडत नाई. बाकीच्या बाटल्या कुठी हायेत?"

लीलाबाईनं पदर पुन्हा डोळ्यांना लावला.

"झाकनं घट्ट हायेत का त्याची? काकू, लवकर बोला!"

लीलाबाईनं आतल्या खोलीकडे पाहिलं. "गव्हाच्या कोठीत."

त्या कोठीला टेकून तीन बाया बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर तिची लहानगी खुशी झोपली होती.

"उठा! साऱ्या बाहेर व्हा!" वैष्णवी ओरडली, तशा बाया लेकरासकट अंगणात पळाल्या. तिनं पोतं भिजवून हाताला गुंडाळलं, गव्हात हात घातला आणि एकेक बाटली तोंडापासून लांब धरून बाहेर आणली. चार होत्या. अंगणातल्या दगडी डोणीत ठेवून, वर ओलं पोतं टाकून तिनं पहिलं झाकण पोत्याखालून हळूहळू फिरवलं.

फस्स!

जांभळा फेस पोत्यातून उसळला आणि तिच्या कोपरापर्यंत चढला. लोक मागे सरकले. घाटंजीची जीप फाटकाशी थांबली तेव्हा वैष्णवी चौथं झाकण सैल करत होती.

हवालदारानं विचारलं, "कुठं आहे तो गोविंदा?"

"आना त्याले," वैष्णवी म्हणाली, "पन पहिले माहं ऐका."

गोविंदा आला. सारं गाव अंगणात उभं होतं.

"गोळा बाहेरून आला असता, तं जाळीचे धागे आत वळले असते. हे बाहेर वळले. म्हनजे जे फुटलं, ते घरात फुटलं. भिंत काळी नाई, टिनाले जांभळाचा रस हाये. अंजू जांभळाची वाइन करून राह्यली होती. फळ आंबताना वारा सुटते. वाट नाई भेटली तं काच फोडते. ते बिचारी खरंच बोलली, दारू फुटली म्हून. आपुन बंदुकीची समजलो."

"मंग सुनेचीच चूक झाली!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"नाई. जिले वाइन करता येते, ते कच्ची असताना झाकन पिळत नाई. हे झाकनं दुसऱ्यानं पिळले. अन् ज्यानं पिळले, त्यालेच काय झालं ते समजलं. म्हून सून रगतानं भरली असताना त्यानं घर सारवलं."

लीलाबाई जमिनीवर बसली.

"ते सांगे मले, 'आई, झाकन सैल राहू द्याजा.' म्या पिळून लावले. लोनच्याच्या बरणीवानी. वास बाहेर नाई याले पाह्यजे म्हून."

"काहून, काकू?"

लीलाबाईनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, म्हणूनच ते पाहणं वैष्णवीला सोसवेना.

"तूच म्हनलं ना वं, तुह्या नाकापासून काही लपत नाई म्हून. माह्या सुनेजवळ लायसन नाई. तिले धरून नेशीन, असं वाटलं मले."

वैष्णवीला स्वतःचीच शरम वाटली. एका थट्टेपायी एक डोळा पणाला लागला होता.

गोविंदा पुढे आला. "काकू, तुमाले ठाव होतं. अन् तरी मले तिथी ओट्यावर बसू देलं?"

लीलाबाईनं त्याच्यापुढे हात जोडले.

"भाऊ, ते कोठ्यातले दोन गोळेही आजच जमा करा," वैष्णवी हळूच म्हणाली. त्यानं मान डोलावली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. अक्षयचा होता. डॉक्टर उद्या ऑपरेशन करणार होते, डोळ्याचं आत्ताच सांगता येत नव्हतं. अंजूला सासूशी बोलायचं होतं. वैष्णवीनं फोन लीलाबाईच्या कानाला लावला.

"आई," अंजूचा बारीक आवाज जवळ उभ्या साऱ्यांना ऐकू आला, "माहंच काही चुकलं असन. काचा नीट झाडल्या ना? तुमी अनवानी फिरता. पायाले लागन."

लीलाबाईनं दोन्ही हातांनी फोन धरला. "अंजू, झाकनं म्या लावलते," एवढंच तिला बोलता आलं.

हवालदारानं खाकरून विचारलं, "मग जबाब आधी कोणाचा घ्यायचा?"

वैष्णवीनं आपल्या जांभळ्या हातांकडे पाहिलं.

"माहा," ती म्हणाली.