पहिलं पाणी

ओजसचे शब्द हरवत चालले होते. आधी ‘मनी’ गेली, मग ‘भूर’. तीन वर्षांचं पोर, पोट धरून नुसतं नळाकडे टक लावून बसे. डॉक्टरांनी सकाळी रक्त तपासायला नेलं होतं. अकरा वर्षांच्या ऋजुलाला आपल्याच भावाजवळ बसायची भीती वाटे, आणि त्या भीतीची लाजही वाटे.

त्याच दुपारी महापालिकेचा ‘सरप्या’ दारात आला. करंगळीएवढा यंत्रमानव! सन २०६३ मध्ये शहराने नळबदल योजना काढली होती. रस्त्याखालची नळी महापालिकेची, पण फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंतची घरमालकाची. ती फुकट बदलून मिळे, फक्त मालकाची सही हवी. बाबांनी दोनदा अर्ज परत पाठवला होता. “काचेसारखं पाणी आहे आमचं! अंगण कशाला उकरायचं?” ओजस आजारी पडल्यावर तपासणीला तेवढे कसेबसे राजी झाले.

सरप्या फाटकाजवळच्या मीटरमधून नळीत शिरला. भिंतीच्या आत खर्र खर्र सरकू लागलं. देवघरामागून, मग ओजसच्या पलंगामागून. सगळे श्वास रोखून ऐकत होते. अचानक नळाच्या तोंडातून सरप्याचा बारीक आवाज आला, “इथे शिसं आहे.”

ऋजुलाच्या अंगावर सर्रकन काटा आला. “शिसं म्हणजे?”

“मऊ, जड, करडा धातू. सहज वाकतो, म्हणून पूर्वी त्याच्या नळ्या करत. तो पाण्यात थोडा थोडा विरघळतो (मिसळून दिसेनासा होतो). रंग नाही, वास नाही, चव नाही.”

“पण आम्ही उकळून देतो त्याला!” बाबा म्हणाले.

“उकळल्याने जंतू मरतात. शिसं तसंच राहतं. पाणी वाफ होऊन उडतं, शिसं भांड्यात उरतं. पोटात गेलं की शरीर फसतं. त्याला कॅल्शियम (हाडं घडवणारं खनिज) समजून हाडांत साठवतं, मेंदूतही शिरू देतं. वाढत्या मुलांचं नुकसान सगळ्यांत जास्त.”

सरप्या नळीत आणखी थोडा पुढे सरकला.

“रात्रभर पाणी नळीत उभं राहतं. जितकं उभं, तितकं शिसं अधिक. सकाळचं पहिलं पाणी कोण पितं?”

त्या घरची रीतच होती. सकाळी नळ सोडला की कुणाचाही हात न लागलेलं पहिलं पाणी सगळ्यांत धाकट्याला. ते तांब्यात धरून उकळायला ठेवायचा मान ऋजुलाचा होता.

“मी दिलं त्याला,” ती म्हणाली आणि हमसून रडू लागली.

बाबांनी तिला जवळ घेतलं. “तू नाही गं, बाळा. सही मी केली नाही.” त्यांनी अर्ज ओढून घेतला आणि सही केली.

रक्तातही शिसं निघालं आणि ओजसवर उपचार सुरू झाले. नळी निघेपर्यंत महापालिकेने बाटल्यांतून पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी अंगण आणि भिंत खणून नवी नळी बसवली. जुनी नळी चाकूने खरवडताच चांदीसारखी चमकली. इतकी सुंदर दिसली, की ऋजुलाला शिसारी आली.

“तो बरा होईल ना?” तिने विचारलं.

“ते मी सांगू शकत नाही,” सरप्या म्हणाला. “औषध घ्या, त्याच्याशी खूप बोला, धीर धरा. पण आजपासून या नळातून त्याच्या पोटात शिसं जाणार नाही.”

गल्लीतल्या सात घरांची सही अजून बाकी होती. बाबांनी नळीचा एक जड तुकडा पिशवीत टाकला आणि चपला पायात सरकवल्या.

“चल, ऋजुला. ज्या घरी तान्हं बाळ आहे, तिथे आधी जाऊ.”