डोकं लेबलाकडे

ओसमान माशाच्या कल्ल्यावर सापडलेला तो परजीवी किडा नवाच होता, यात बुरुलला शंका उरली नव्हती. कल्ला धरून राहायचे त्याचे दोन मोठे आकडे टोकाशी दुभंगलेले होते, आणि असे आकडे कुठल्याच नोंदीत नव्हते. नावही तिनं ठरवून टाकलं होतं: तिच्या गुरूचं, सायरागुल एजेंचं, म्हणजे सायरागुलताईंचं. दोन वर्षांपूर्वी मासे गोळा करायला गेलेल्या एजेंची होडी इसिक-कुल तळ्यात उलटली. एजे सापडल्याच नाहीत. त्यांची म्हातारी आई अजून विचारायची, "माझ्या लेकीची कबर कुठंय?"

"मेल्यावर लोक रस्त्याला नाव देतात, तू किड्याला देतेस!" मासे आणून देणारे तुराट बाइके, म्हणजे तुराटदादा, हसले.

"रस्ते उखडतात, बाइके. हे नाव राहतं."

काचपट्टीवर किड्याचं डोकं कायम लेबलाकडे, ही एजेंची शिस्त. बुरुलनं पाचही किडे तसेच ठेवले, राळ ओतली, वर पातळ काच बसवली. राळ सुकली की आतलं काही हलत नाही.

सोमवारी पाचही डोकी तळ्याकडे होती.

तिनं पट्ट्या फिरवून ठेवल्या. दुपारी डोकी परत तळ्याकडे.

बुरुल मोजमापं घेणारी बाई. एक पट्टी आणि भिंग तिनं पलीकडच्या गावात बाइकेंच्या घरी ठेवलं. मग दोन्ही गावांतून, डोकी होती त्या दिशेनं, नकाशावर रेघा ओढल्या. त्या तळ्यात एकमेकींना मिळाल्या, किनाऱ्यापासून चार बोटांवर.

बाइकेंनी होडी काढून तिथं जाळं टाकलं. वर आला एजेंचा कोट. गळ्यापर्यंत बटणं लावलेला, आत कुणी नाही.

एजेंच्या आईनं तो कोटच टेकडीवर पुरायला लावला. कबर झाली. म्हातारी त्या दिवशी पोटभर जेवली, आणि बुरुल कितीतरी दिवसांनी मोकळेपणी रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सवयीनं पट्ट्या पाहिल्या. डोकी टेकडीकडे नव्हती. तळ्याकडेच होती.

फोन वाजला.

"बुरुल, माझ्याकडचा किडा जरा वळलाय गं."

"किती?"

बाइकेंनी सांगितलं. तिनं नव्यानं रेघा ओढल्या. आता किनाऱ्यापर्यंत दोनच बोटं उरली होती.

"कुठं आलंय?"

"इकडं," ती म्हणाली.

फोन ठेवून तिनं दाराची कडी काढली. मग अंगातला कोट उतरवून दाराजवळच्या खिळ्याला अडकवला. बाहेर थंडी मी म्हणत होती, आणि एजेंकडे आता कोट नव्हता.