बंद हीटरची ऊब

खेळ तसा साधा होता. बर्फाच्या मुलखात वस्ती उभारायची आणि तिच्यातली माणसं जगवायची. त्या खेळातली थंडी सोल्बीने लिहिली होती. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन पांग्योतल्या संगणकी खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आल्यावर तिला मिळालेलं हे पहिलंच काम: कुठलं यंत्र किती तापेल, बंद केल्यावर किती वेगाने निवेल. नियम एका ओळीत मावणारा होता. बंद यंत्र भोवतालाइतकं गार होतं. अपवाद नाही.

म्हणून मदत-केंद्राने जोडून दिलेला तो फोन तिला आधी गमतीचाच वाटला.

"अहो बाई, तुमचा तो हीटर बंद केला तरी गरम राहतोय. आग-बिग लागायची नाही ना?"

बोलत होत्या तेबेकच्या मेंग काकू. कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर ओस पडत गेलेल्या त्या डोंगरी गावात त्या एकट्या राहत. खेळातली वस्ती त्यांच्या मुलाची, ग्यूहोची. मागच्या हिवाळ्यात तो डोंगरावर गेला तो परतलाच नाही. शोधपथकाला त्याचा हातमोजासुद्धा सापडला नाही. तेव्हापासून वस्ती काकूच चालवत होत्या.

"एका बोटाने खेळते हो," त्या म्हणाल्या, "पण एकालाही मरू दिलं नाही मी."

खेळ कंपनीच्याच संगणकांवर चालत असे. सोल्बीने जेवणाच्या सुट्टीत काकूंची वस्ती उघडली. बाहेर उणे वीस. कोपऱ्यातल्या एका खोलीत हीटर, वीज तोडलेली. त्याचं तापमान साडेछत्तीस. त्याच्यावर झाकण लावलेली भाताची वाटी. भात गोठला नव्हता.

टीम लीडर योम किंबापचा तुकडा चघळत मागून डोकावला. "साडेछत्तीस? ताप नाही पेशंटला. घरी सोडा." मग वाकून नीट बघत म्हणाला, "तू नकळत जमिनीखालून ऊब सोडली असशील बघ. घराची जमीन खालून तापवून तिच्यावर लोळत वाढलेली आपण माणसं. ही चूक आपल्याकडेच व्हायची."

तसं होणं शक्य होतं. सोल्बीने तपासलं. जमिनीची ऊब शून्य होती. तिने तसाच हीटर दुसऱ्या वस्तीत ठेवला. कॉफी आणेपर्यंत त्याच्यावर बर्फ धरला. काकूंच्या सगळ्या वस्तीची नक्कल केली. नकलेतलाही गार पडला. मूळचा तेवढा साडेछत्तीसवरच.

"शुक्रवारच्या अपडेटमध्ये सगळी बंद यंत्रं भोवतालाच्या तापमानावर आणून टाक," योम म्हणाला. "विषय संपला."

तिने हे सांगायला काकूंना फोन केला.

"मग वाटी गोठेल गं," काकू म्हणाल्या. "ग्यूहो बाहेर आहे ना अजून."

सोल्बीने वस्तीतल्या माणसांची नावं पाहिली. ग्यूहोने एकाला स्वतःचंच नाव दिलं होतं, आणि डोंगरावर जायच्या आधी त्याला लाकडं आणायला वस्तीबाहेर धाडलं होतं. तो मेलेल्यांत नव्हता. त्याच्या नावापुढे अजून 'बाहेर' एवढंच दिसत होतं.

वाटीचं मग वेगळं सांगावं लागलं नाही. प्रत्येक घरात एक जागा असते, आरेन्मोक, जमिनीतली सगळ्यांत उबदार. कुणी उशिरा यायचं असलं की त्याच्या भाताची वाटी झाकण लावून तिथे रजईखाली ठेवायची. सोल्बीच्या आईनेही ठेवलेली होती, किती वेळा.

तरी काकूंचा संगणक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचं समाधान होईना. गुरुवारी सकाळच्या गाडीने ती तेबेकला गेली.

ग्यूहोची खोली घराच्या उत्तरेला होती. आत बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

"इथला जमीन तापवायचा बॉयलरचा नळ बंदच ठेवते," काकू म्हणाल्या. "झोपायला कुणी नाही. तू कोट नको काढूस, पोरी. एवढीशी कशी गं तू, जेवतेस की नाही?"

संगणकात काही वावगं नव्हतं. सोल्बीने तारा तपासल्या, पंखा तपासला. मग संगणकाचा पडदा नीट दिसावा म्हणून ती पलंगाशेजारी जमिनीवर बसली.

जमीन गरम होती.

ती हातभर सरकली. तिथे फरशी बर्फासारखी. पुन्हा मागे आली. ऊब. तळव्याने चाचपत तिने त्या उबेची कड शोधली. मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी होती ती.

तिने पडद्याकडे पाहिलं. हीटरचा आकडा उतरत होता. छत्तीस. चौतीस. एकतीस.

"तिथे नको गं बसू," काकू दारातून हलकेच म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या.

सोल्बी उठली.

आकडा हळूहळू साडेछत्तीसवर आला आणि थांबला.

काकूंनी तिला बटाट्याची धिरडी वाढली आणि स्टेशनपर्यंत सोडायला आल्या. गाडी हलताना त्यांनी खिडकीच्या काचेवर तळवा टेकवला. "तेवढी वाटी राहू दे, पोरी."

शुक्रवारच्या अपडेटमध्ये सोल्बीने एक अपवाद लिहिला. एका वस्तीतला एक हीटर.

"तो बिघाड आहे," योम म्हणाला.

"नाही. तो तसाच असायला हवा."

योमने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला सुचलेला विनोद त्याने गिळला. "बरं," तो म्हणाला.

त्यानंतर रोज सकाळी कोट काढायच्या आधी ती त्या खोलीत डोकावून यायची. साडेछत्तीस. मग पुढची यंत्रं, पुढची कामं.

वसंताच्या तोंडावर एका सकाळी तिथे उणे वीस होतं.

तिने आपली ओळ पाहिली. अपवाद जागच्या जागी होता, कुणी हात लावलेला नव्हता. फोन काढता काढता तिने चित्र मोठं केलं.

वाटी रिकामी होती. झाकण बाजूला उलटं ठेवलेलं. खेळात वाटी एक तर झाकलेली असे, नाही तर नसेच. झाकण काढलेल्या वाटीचं चित्र कंपनीत कुणीही काढलेलं नव्हतं.

फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"काकू, माफ करा, तो हीटर... मी काही केलं नाही, पण तो गार..."

"हळू बोल गं," काकू कुजबुजल्या. "आत्ताच जेवून पडलाय."